सुरी कोणाच्या हातात

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे माईक म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर त्या वहिनी. पण 'भाजीत मीठ कमी आहे' एवढंसं वाक्यही त्या अशा आवाजात म्हणतात, की शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही मिठाची बातमी कळावी. त्यांचा धंदाच तो. कंपन्यांचे वर्धापनदिन, बक्षीस समारंभ, दुकानांची उद्घाटनं, असल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन त्या करतात. पाहुण्यांची ओळख करून द्यायची, त्यात पाहुण्यांना स्वतःलाही माहीत नसलेले गुण घालायचे, आणि कोणी फार लांबण लावली की गोड हसून त्याच्या हातून माईक काढून घ्यायचा. हे काम त्यांच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मी धाकटी. ड्रायव्हिंग शिकवते. माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. त्यातला शिकणाऱ्याचा बहुतेक शोभेचा. आम्ही राहतो एकाच इमारतीत, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांचा आवाज मला वरूनच येतो.

एका मोठ्या कंपनीचा वार्षिक समारंभ वहिनी वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. त्या वर्षी त्यांना निमंत्रण आलं, पण प्रेक्षकांत बसायचं. संचालनाला कोणी नवी मुलगी होती. वहिनींनी आयोजकाला फोन लावला, तर तो म्हणाला की मॅडम, आवाजाबद्दल प्रश्नच नाही, पण आजकाल सगळं मागच्या मोठ्या पडद्यावर दिसतं आणि पडद्यावर तुम्ही थकलेल्या दिसता. थकलेल्या. वहिनी आयुष्यात कधी थकल्या नाहीत. थकलो ते आम्ही.

तरी त्या समारंभाला गेल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या आणि त्या मुलीच्या चुका ऐकत बसल्या. घरी येऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. वरच्या पापण्यांची कातडी ओघळून पापण्यांच्या केसांवर येऊन बसली होती, डोळ्यांखाली दोन लहान पिशव्या धरल्या होत्या. मला ते कधीचं दिसत होतं. त्या वयात सगळ्यांचंच होतं तसं. पण आयोजकाचा तो एक शब्द त्यांच्या मनात काट्यासारखा रुतला. त्यांनी ठरवलं, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं. आणि दुसरं ठरवलं ते असं, की सगळीकडे मी त्यांना न्यायचं. टॅक्सीवाले बोलतात, मैत्रिणी त्याहून जास्त बोलतात. धाकट्या जावेनं बोलायचं नसतं.

दादांना, म्हणजे माझ्या भासऱ्यांना विचारलं, तर ते पेपरामागून म्हणाले, "तुला करायचं ते कर." याच माणसानं गाडी घेताना गावातली एकूण एक शोरूम पालथी घातली होती. गाड्यांखाली पाठीवर झोपून पाहिलं होतं, चार मेकॅनिक गाठले होते, घरात दुसरा विषय नव्हता. बायकोच्या डोळ्यांसाठी त्यांनी पेपराचं पान उलटलं. डोळे पुढेमागे विकायला काढता येत नाहीत, हे कारण असावं.

वहिनींनी पहिला डॉक्टर निवडला तो त्याच्या फोटोवरून. मोठ्या रस्त्यावरच्या फलकावर तो हाताची घडी घालून उभा होता आणि खाली लिहिलं होतं की तो नजर बदलून देतो. नजर बदलून देणारा डॉक्टर कशाला लागतो मला कळेना, एवढं तर आमच्या घरात कोणीही कोणाला करून देतं. पण गेलो. गाडीवरचा 'शिकाऊ' चा बोर्ड काढ असं वहिनींनी सांगितलं. तो स्क्रूनं बसवलेला आहे, निघत नाही. तेव्हा त्या काचेच्या दारापुढे आम्ही तशाच उतरलो, आणि रखवालदारानं आम्हाला नम्रपणे मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी गाडी लावायला सांगितली.

त्या जागेला दवाखाना म्हणायचं नव्हतं. तिथे सगळे स्टुडिओ म्हणत. भिंतीवरून पाणी वाहत होतं, हवेला अत्तराचा वास, आणि बसायला असे पांढरे सोफे की बसलेल्या माणसाला कोणी हात दिल्याशिवाय उठता येऊ नये. काउंटरवरच्या सगळ्या मुलींच्या भुवया एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. त्यातली एक आमच्याशी बोलायला आली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती, ती समजूत घालणारी होती. तिनं फोटोंचा अल्बम दाखवला. ऑपरेशनाआधीचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, बाया तोंड पाडून बसलेल्या. नंतरच्या फोटोत त्याच बाया लिपस्टिक लावून, केस धुऊन, कोणीतरी लाखाची लॉटरी लागल्याचं सांगितल्यासारख्या हसत होत्या. ऑपरेशन पापण्यांचं झालं होतं की केसांचं, हे कळायला मार्ग नव्हता. वहिनी मात्र पानामागून पान उलटत होत्या.

मला नुसतं बसवत नाही, म्हणून मी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचली. सोनेरी चौकटी, मोठाली अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की अमुक शिबिराला हे हजर होते. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही हजेरीचं प्रमाणपत्र देतात. ज्यानं शेवटच्या दिवशी गाडी दुभाजकावर चढवली त्यालाही देतात, कारण तो रोज येत होता.

डॉक्टर आला तो येणार असल्याच्या सूचनेसह. वहिनींच्या मागे उभं राहून त्यानं आरशात पाहिलं, एका बोटानं त्यांची भुवई वर उचलली आणि म्हणाला, "बघा, ही तुमची खरी नजर." वहिनींनी श्वास रोखून धरला. डोळ्यांतून पाणी येतं का, चष्म्याचा नंबर काय, काही औषधं चालू आहेत का, असलं त्यानं काही विचारलं नाही. वहिनींना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. त्याचा विषयच निघाला नाही. बोट काढून घेतलं तशी भुवई खाली आली, आणि तोही गेला. मग समजूतवालीनं तारखा काढल्या. वरच्या पापण्या, खालच्या पापण्या आणि गालांना काहीतरी, असं तिन्हींचं मिळून स्वस्तात होतं म्हणे.

परत येताना वहिनी म्हणाल्या, "माणूस हुशार वाटतो."

मी म्हटलं, "वहिनी, त्यानं तुमचे डोळे पाहिलेच नाहीत. आरसा पाहिला."

"तू गियरकडे लक्ष दे," त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी आणखी दोघांना दाखवायचं कबूल केलं. दुसरा डॉक्टर दादांच्या मित्राच्या ओळखीचा. नावाजलेला प्लास्टिक सर्जन, खरीखुरी पदवी असलेला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो सगळंच करायचा. नाक, पोट, हनुवटी, टक्कल. ज्याला सगळं येतं त्याला सगळीकडे काम दिसतं. वहिनी पापण्यांचं सांगत होत्या तोवर याची नजर त्यांच्या गळ्यावर गेली होती. डोळे छोटं काम आहे, म्हणाला, खरी भानगड मानेची आहे. मग त्यानं जबड्यावरून बोट फिरवलं, गाल चिमटीत धरले, हनुवटीखाली काय काय लोंबतंय ते त्यांना आरशात दाखवलं. घर रंगवायला बोलावलेला माणूस पाया खचलाय म्हणून सांगतो, त्यातली गत. डोळे दाखवायला गेलेली बाई बाहेर आली ती गळा झाकत. पुढे कितीतरी दिवस वहिनी उन्हाळ्यात स्कार्फ बांधून वावरत होत्या.

तिसरं नाव त्यांना चष्म्याच्या नंबराच्या डॉक्टरांनी दिलं. एक बाई होत्या, मुळात डोळ्यांच्या डॉक्टर, आणि त्यावर आणखी शिकून फक्त पापण्यांची आणि डोळ्यांभोवतीचीच ऑपरेशनं करणाऱ्या. असा वेगळा डॉक्टर असतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. दवाखाना एका जुन्या इमारतीत, लिफ्ट बंद, खोलीत लाकडी बाकं. बाकांवर माणसं होती. एका बस ड्रायव्हरच्या पापणीवर गाठ आली होती. एका आजोबांची खालची पापणी बाहेर उलटली होती आणि लालभडक दिसत होती. एक शिक्षिका होती, तिचा अर्धा चेहरा लुळा पडलेला. तिची एक पापणी मिटत नसे, म्हणून ती मधूनमधून बोटानं ती मिटवायची. माझ्याकडे पाहून ती हसली, अर्ध्या चेहऱ्यानं.

वहिनी माझ्या कानाशी लागल्या. त्यांचं कानाशी लागणं म्हणजे बस ड्रायव्हरनंही मान वळवली. "इथे सगळे आजारी आहेत," त्या म्हणाल्या. दवाखान्यात आजारी माणसं भेटली म्हणून हिरमुसलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टरीणबाई दिसायला बेताच्या, बोलायला त्याहून बेताच्या. आधी प्रश्न. डोळे जळतात का? स्टेजच्या दिव्यांखाली जळतात. एसीत पाणी येतं का? येतं. गोळ्या कुठल्या? ती रक्ताची गोळी ऐकून त्यांनी मान वर केली आणि ती कोणी दिली, कशासाठी, किती दिवस, सगळं खोदून विचारलं. मग त्यांनी वहिनींच्या डोळ्यांना हात लावला. पापणी खाली ओढून सोडली आणि ती किती पटकन परत बसते ते पाहिलं. कपाळ दाबून धरून डोळे उघडायला सांगितले. पापण्यांच्या कडेला कागदाच्या बारीक पट्ट्या अडकवून वहिनींना डोळे मिटून बसवलं, आणि पट्टी किती ओली होते ते मोजलं. पट्टी जवळजवळ कोरडीच राहिली.

त्या म्हणाल्या, डोळे कोरडे आहेत, आधी त्याचे थेंब घाला. खालच्या पिशव्यांना मी हात लावणार नाही, तुमची पापणी सैल आहे, उलटेल. बाहेर आजोबा बसलेत ना, तशी. वरची कातडी काढेन, पण औषधानं डोळे ताळ्यावर आल्यावर, आणि थोडीच.

"थोडी म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"कोणाला कळणार नाही एवढी."

वहिनी सरसावून बसल्या. "कळणारच नसेल तर करायचं कशाला?"

"मग दुसरीकडे करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलवायला घंटी वाजवली. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "कुठेही करा, पण दोन गोष्टी विचारून करा. सुरी कोणाच्या हातात असणार, आणि घरी गेल्यावर डोळ्यामागे रक्त साचलं तर कोण येणार. नजर जायला अख्खी रात्रही लागत नाही."

जिन्यात वहिनी त्या बाईंना काय काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. उर्मट हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द. मला विचाराल तर बाई उर्मट होत्याच. पण उर्मट माणसानं सांगितलं म्हणून रस्ता उजवीकडचा डावीकडे जात नाही.

तर मग वहिनींनी निवड केली. जिनं डोळे तपासले तिला नाही, ज्यानं भुवई उचलली त्याला. सोन्याची झाली म्हणून सुरी कोणी उरात घालून घेत नाही असं आपल्यात म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी ती भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याशेजारी पाहिलेली नसते. समजूतवाली रोज फोन करत होती. एकच तारीख शिल्लक आहे, म्हणत होती. ती तारीख आठवडाभर शिल्लकच होती. दादांनी पुन्हा एकदा "तुला करायचं ते कर" म्हणून आपलं कर्तव्य पार पाडलं. मी दोनदा बोलून पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला गियरकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं.

त्या दिवशी सकाळी मी वहिनींना घेऊन गेले. वाटेत एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वर्षीच्या समारंभाला आयोजक आपणहून फोन करील. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसलेली माणसं चाक धरतात तशी. मला वाईट वाटलं, ते मी त्यांना दाखवलं नाही.

त्यांना आत नेलं, मी सोफ्यात रुतून बसले. समोर आणखी चारपाच बायका आणि एक गृहस्थ, सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून. आत काय झालं ते मला नंतर कळलं. वहिनींना मागून नाड्या असलेला झगा घातला, डोक्यावर कागदी टोपी चढवली. एक तरुण डॉक्टर आला, त्यानं जांभळ्या पेनानं त्यांच्या पापण्यांवर आणि डोळ्यांखाली रेघा ओढल्या. वहिनींनी विचारलं, डॉक्टर कधी येतील? तो म्हणाला, मीच डॉक्टर. वहिनी म्हणाल्या, ते फलकावरचे. तर म्हणे सर आज दुसऱ्या शाखेत आहेत, पण काळजी नको, सगळं त्यांच्या मार्गदर्शनाखाली होतं, मध्ये काही लागलं तर ते फोनवर असतात.

उंटावरून शेळ्या हाकणारे मी बरेच पाहिलेत. फोनवरून पापण्या कापणारा तेव्हाच ऐकला.

मग वहिनींनी दुसरा प्रश्न विचारला. घरी गेल्यावर रक्त साचलं तर कोण येणार? तो तरुण म्हणाला, हेल्पलाइन आहे. त्यानं हे चांगल्या मनानं सांगितलं असावं. वहिनी टेबलावरून खाली उतरल्या.

दार उघडलं आणि त्या बाहेर आल्या. अंगात झगा, डोक्यावर टोपी, पायात कागदी चपला, आणि दोन्ही डोळ्यांभोवती जांभळ्या रेघा, नकाशावर नद्या काढाव्यात तशा. मागे समजूतवाली, तिच्या मागे तो डॉक्टर हातात पेन धरून. वहिनी मधोमध थांबल्या. झगा मागून एका हातानं धरला, मान ताठ केली, आणि आपला ठेवणीतला आवाज काढला. रागाचा नाही, समारंभाचा.

"मंडळी, आपलं इथे स्वागत आहे. आपण ज्यांचा फोटो पाहून आलो आहोत ते डॉक्टर आज आपल्यात उपस्थित नाहीत. ते फोनवर आहेत. ज्यांना फोनवरून पापण्या कापून घ्यायच्या असतील त्यांनी कृपया बसून राहावं. बाकीच्यांसाठी दरवाजा उजव्या हाताला आहे. धन्यवाद."

सवयीनं दोनतीन जणांनी टाळ्या वाजवल्या. तो गृहस्थ उठायला गेला, पण सोफ्यानं त्याला सोडलं नाही. मी हात देऊन त्याला वर काढला. वहिनींचे कपडे आणि पर्स कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. कपडे बदलायलाही त्या थांबल्या नाहीत.

गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल त्या बाईकडे."

"कपडे तरी बदला."

"चल."

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वाकून पाहत राहिला. 'शिकाऊ' लिहिलेली गाडी, तिच्यात कागदी टोपी घातलेली, डोळ्यांवर रेघा मारलेली बाई. काय शिकायला निघालीय असं त्याला वाटलं असेल देव जाणे. वहिनींनी काच खाली केली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, तो स्वतःहून पुढे सरकेपर्यंत.

जुन्या इमारतीतल्या दवाखान्यात नंबर लावलेला नव्हता, म्हणून बसावं लागलं. पुष्कळ वेळ. ती अर्ध्या चेहऱ्याची शिक्षिका त्या दिवशीही आली होती. वहिनींच्या रेघा पाहून तिला वाटलं यांचं आज ऑपरेशन, म्हणून ती धीर द्यायला जवळ येऊन बसली. तिची पापणी रात्रभर उघडी राहायची, ती पट्टी लावून झोपायची, सकाळी डोळ्यात वाळू घातल्यासारखं व्हायचं, असं सगळं ती सांगत गेली. वहिनी मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना पाहिलं, काही विचारलं नाही. आरशासमोर बसवलं, एक बोथट चिमटा घेतला आणि वरच्या पापणीवरच्या दोन रेघा चिमट्यात एकत्र धरल्या. म्हणाल्या, आता डोळा मिटा.

डोळा मिटला नाही. खाली पांढऱ्याची फट राहिली.

"दुसऱ्या डोळ्यानं आरशात बघा," त्या म्हणाल्या. "या रेघेवर कापलं असतं तर रोज असं झोपला असतात."

वहिनींनी पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी चिमटा सोडला, ओल्या कापसानं रेघा पुसायला घेतल्या. शाई लवकर निघेना. पुसता पुसता त्या म्हणाल्या, मी ऑपरेशन करू नका म्हणाले नव्हते, आधी थेंब घाला म्हणाले होते. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा मऊ झाला नाही. पण वहिनी रडत होत्या, आणि त्या पुसत राहिल्या.

मग थेंब घातले, महिनोन्महिने. रक्ताच्या गोळीबद्दल डॉक्टरीणबाई स्वतः वहिनींच्या डॉक्टरांशी बोलल्या. ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं, त्याच जुन्या इमारतीत, फक्त वरच्या पापण्यांचं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, दिसतंय का, दुखतंय का, डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय का. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. वहिनींचे दोन्ही डोळे काळेनिळे झाले होते, ते आठवडाभर राहणार हे आधीच सांगितलेलं होतं.

दादांना मात्र ऑपरेशनाची लाज वाटत होती. इमारतीत कोणी विचारलं तर ते सांगायचे, जिन्यावरून पडली. आता ज्या बाईचे दोन्ही डोळे काळे आहेत आणि बाकी कुठे खरचटलेलंही नाही, ती कुठल्या जिन्यावरून पडली, हे लोकांना बरोबर समजतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दादांशी बोलणं सोडलं. लिफ्टमध्ये दादा शिरले की बाकीचे उतरायचे. शेवटी दादा स्वतःच दारोदार जाऊन बायकोनं पापण्यांचं ऑपरेशन करून घेतल्याचं सांगायला लागले, आणि आता त्यावर कोणी विश्वास ठेवीना. त्या महिन्यात मी जितकी हसले तितकी पुढे कधी हसले नाही.

सूज उतरली, काळं गेलं, आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं निघालं. कोणाला काही कळलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, सुट्टीवर गेली होतीस का? एकीला वाटलं केस कापलेत. वहिनी संतापल्या. एवढा खटाटोप केला, टेबलावरून उठून आले, जगाला डोळे दाखवले आणि लोक केसांचं विचारतात, असं त्या मला वरच्या जिन्यातून खाली सांगायच्या. आयोजकाचा फोन आला नाही तो नाहीच. त्याला पापण्या नको होत्या, त्याला तरुण मुलगी हवी होती. पण ते तोंडावर सांगायला धैर्य लागतं, आणि आयोजकाला ते असतं तर तो आयोजक कशाला झाला असता. वहिनींकडे हल्ली लहान कार्यक्रम येतात, शाळांचे, वाचनालयांचे. त्या शिक्षिकेच्या शाळेचाही एक केला. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं तसा त्यांच्या हातून माईक काढून घेतला.

तो फलकावरचा अजून हाताची घडी घालून उभाच आहे. उलट आता आणखी एका चौकात उभा राहिलाय, जास्त मोठा. माणसं आत जातात, सोफ्यांत रुततात. मी तिथून गाडी नेते तेव्हा शिकणाऱ्याला सांगते, बोर्ड वाचू नकोस, रस्ता बघ.

परवा मी काही कामानं वर गेले तर वहिनी आरशासमोर डोळ्यांना रेघ काढत बसल्या होत्या. पूर्वी ती रेघ कातडीच्या घडीत जायची आणि अर्ध्या तासात पसरायची. आता पापणीवर स्वच्छ उमटली होती. त्यांनी एक डोळा मिटला, पाहिलं, मग दुसरा मिटला, पाहिलं.

"बरं झालंय," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच, आणि आश्चर्य म्हणजे हळू आवाजात.

मी काही बोलले नाही. मला काय वाटतं ते सांगितलं असतं, तर त्यांनी ते सगळ्या इमारतीला ऐकवलं असतं.